उद्याचे विद्यार्थी आजच्या आकड्यांत: महाविद्यालयीन प्रवेश आणि विद्यार्थ्यांची वाटचाल यांचा सांख्यिकीय अंदाज

महाविद्यालयाची इमारत एका वर्षात उभी राहत नाही. प्राध्यापकांची पदे मंजूर होणे, प्रयोगशाळा सज्ज होणे, वसतिगृहाची जागा ठरणे या सर्व गोष्टींना चार-पाच वर्षे सहज लागतात. म्हणजे आज जो निर्णय घेतला जातो तो आज दारात उभ्या असलेल्या विद्यार्थ्यासाठी नसून, आज सातवी-आठवीत बसलेल्या मुलामुलींसाठी असतो. त्यांच्यापैकी किती जण पुढे येतील, कोणत्या शाखेकडे वळतील आणि कितीजण मध्येच शिक्षण सोडतील, याचा अंदाज आधी बांधता आला नाही, तर एका ठिकाणी बाके रिकामी राहतात आणि दुसऱ्या ठिकाणी वसतिगृहात जागा नाही म्हणून एखाद्या मुलीचे शिक्षण दहावीलाच संपते. हा अंदाज बांधण्याचे शास्त्र कोणते, त्याची पद्धत काय, आणि त्याच्या मर्यादा कोठे सुरू होतात, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन वेगळे प्रश्न

या विषयात दोन प्रश्न अंतर्भूत आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिला प्रश्न समूहाचा आहे: पाच वर्षांनी तालुक्यातून किती विद्यार्थी पदवीच्या पहिल्या वर्षात प्रवेश घेतील? दुसरा प्रश्न व्यक्तीचा आहे: आज वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी नेमका कोणता विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडण्याची शक्यता अधिक आहे? पहिल्या प्रश्नात एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीने भरून निघते. म्हणून त्याचे उत्तर पुष्कळदा बरेच अचूक येते. दुसऱ्या प्रश्नात अशी भरपाई होत नाही. तेथील प्रत्येक चूक कोणा एका मुलाच्या वाट्याला येते.

प्रवाहाची पद्धत

समूहाचा अंदाज बांधण्याची सर्वांत जुनी व सर्वांत भरवशाची रीत म्हणजे एका वर्षी दाखल झालेल्या मुलांची तुकडी इयत्तेमागून इयत्ता पाहत जाणे. भारतात या रीतीचे महत्त्व १९२९ साली हारटॉग समितीच्या अहवालाने सर्वांच्या नजरेस आणून दिले. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलांपैकी अवघी १८ मुले १९२५-२६ साली चौथीत शिकत होती, असे समितीने दाखवून दिले. पटावरची संख्या वाढत असताना शिक्षण मात्र वाढत नव्हते, हे त्या एका आकड्याने उघड झाले. ‘गळती’ व ‘स्थगन’ हे शब्द तेव्हापासून शिक्षणाच्या चर्चेत रूढ झाले. गळती म्हणजे शाळा सोडणे आणि स्थगन म्हणजे त्याच इयत्तेत पुन्हा बसणे.

हीच रीत पुढच्या काळाकडे वळविली की अंदाज तयार होतो. उदाहरणादाखल एक काल्पनिक तालुका घेऊ. तेथे आज आठवीत २,००० विद्यार्थी आहेत. गेल्या तीन वर्षांच्या नोंदींवरून असे आढळले की आठवीतून नववीत शंभरापैकी ९५, नववीतून दहावीत ९३, दहावीतून अकरावीत ८०, अकरावीतून बारावीत ९२ आणि बारावीतून पदवीच्या पहिल्या वर्षात ६५ विद्यार्थी जातात. २,००० या संख्येला क्रमाने या प्रमाणांनी गुणत गेल्यास नववीत १,९००, दहावीत १,७६७, अकरावीत सुमारे १,४१४, बारावीत सुमारे १,३०० आणि पाच वर्षांनी पदवीच्या दारात सुमारे ८४५ विद्यार्थी पोचतात. शंभरापैकी बेचाळीस, असा या गणिताचा निष्कर्ष आहे.

येथे गणित संपत नाही. खरा उपयोग येथून सुरू होतो. शेवटचे प्रमाण ६५ ऐवजी ६० धरले तर संख्या ७८० येते; ७० धरले तर ९१० येते. म्हणून जाणता नियोजक ‘८४५’ असा एकच आकडा देत नाही. ‘७८० ते ९१०, बहुधा ८४५ च्या आसपास’ असे सांगतो. ज्या अंदाजाला वरची व खालची मर्यादा जोडलेली नाही, तो अंदाज अपुरा समजावा. दुसरे असे की, कोणत्या पायरीवर प्रयत्न केल्यास किती फळ मिळेल तेही या कोष्टकातून कळते. दहावीतून अकरावीत जाणाऱ्यांचे प्रमाण ८० वरून ८५ झाले, तर इतर काहीही न बदलता सुमारे ५३ विद्यार्थी अधिक पदवीपर्यंत पोचतात. हायस्कूल गावात आहे पण कनिष्ठ महाविद्यालय पंधरा किलोमीटरवर आहे, अशा ठिकाणी एस.टी.च्या एका फेरीची किंमत किती, हे या त्रेपन्नांवरून ठरविता येते.

या पद्धतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. नववीच्या पटात गतवर्षी अनुत्तीर्ण झालेले विद्यार्थीही मोजले जातात. त्यांना नव्याने आलेल्यांत धरल्यास प्रमाण फुगते आणि गळती झाकली जाते. म्हणून नवे विद्यार्थी, पुनःप्रविष्ट विद्यार्थी आणि बाहेरगावाहून दाखला घेऊन आलेले विद्यार्थी यांची नोंद वेगवेगळी ठेवली पाहिजे.

छेद चुकला तर

उच्च शिक्षणाच्या चर्चेत ‘सकल नोंदणी प्रमाण’ हा शब्द वारंवार येतो. उच्च शिक्षण घेणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांच्या संख्येला १८ ते २३ या वयोगटातील लोकसंख्येने भागून ते शंभरात व्यक्त करतात. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशात सुमारे ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. देशाचे प्रमाण २८.४ व महाराष्ट्राचे ३५.३ होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने हे प्रमाण २०३५ पर्यंत ५० वर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

परंतु या अपूर्णांकात अंश जितका महत्त्वाचा, तितकाच छेदही. २०१९-२० या वर्षाचे देशाचे प्रमाण प्रथम २७.१ असे प्रसिद्ध झाले होते. त्या वेळी छेदातील लोकसंख्या २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या प्रक्षेपणातून घेतली होती. पुढे २०११ च्या जनगणनेवर आधारलेले प्रक्षेपण वापरले, तेव्हा त्याच वर्षाचे प्रमाण २५.६ असे आले. विद्यार्थी तेच, वर्ष तेच, महाविद्यालये तीच. केवळ छेद बदलला आणि दीड अंकाचा फरक पडला. २०२१ साली व्हावयाची जनगणना वेळेवर होऊ शकली नाही. त्यामुळे या काळातील सर्व प्रमाणे जुन्या गणनेवरून पुढे काढलेल्या लोकसंख्येवर उभी आहेत. दोन वर्षांच्या प्रमाणांची तुलना करण्यापूर्वी दोहोंचा छेद एकाच पायावर आहे किंवा नाही, हे पाहणे प्रत्येक अधिकाऱ्याचे कर्तव्य ठरते.

लोकसंख्येची दिशाही लक्षात घेतली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला. पिढी तेवढीच राहण्यासाठी तो सुमारे २.१ असावा लागतो. याचा अर्थ असा की, पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांची संख्या अनेक गावांत घटत जाईल. मात्र महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढत असल्याने काही वर्षे महाविद्यालयीन संख्या वाढतच राहील. प्राथमिक शाळेचा घटता पट पाहून महाविद्यालयाची गरज संपली असे म्हणणे जितके चुकीचे, तितकेच आजची महाविद्यालयीन वाढ कायम राहील असे समजणेही चुकीचे आहे.

कोठारी आयोगाचा अनुभव

भारताच्या उच्च शिक्षणाचा वीस वर्षांचा अंदाज बांधण्याचा मोठा प्रयत्न १९६४ ते १९६६ या काळातील शिक्षण आयोगाने केला. डॉ. दौलतसिंग कोठारी त्याचे अध्यक्ष होते आणि कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक सदस्य-सचिव होते. भारतीय सांख्यिकी संस्था व लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स यांच्या अभ्यासकांनी मनुष्यबळाविषयी तयार केलेले अंदाज आयोगापुढे होते.

आयोगाने दोन दिशांनी विचार केला. गेल्या पंधरा वर्षांचा वाढीचा वेग तसाच राहिला, तर १९८६ पर्यंत विद्यार्थिसंख्या ७० ते ८० लाखांवर जाईल, असे एक गणित सांगत होते. राष्ट्रीय उत्पन्नाची अपेक्षित वाढ धरून शेतीला, कारखान्यांना, शाळांना व रुग्णालयांना किती सुशिक्षित मनुष्यबळ लागेल, या दुसऱ्या गणिताने मात्र १९६५-६६ च्या सुमारे १० लाखांवरून १९८५-८६ साली सुमारे ४० लाख एवढीच गरज दाखविली. या तफावतीवरून आयोगाने निवडक प्रवेशाचे धोरण सुचविले. प्रत्यक्षात १९८५-८६ साली विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोंदीनुसार विद्यार्थिसंख्या सुमारे ३६ लाख होती.

वरवर पाहता दुसरे गणित अचूक ठरले असे वाटेल. परंतु येथे अभ्यासकाने थांबून विचार करावा. निवडक प्रवेशाची शिफारस देशभर कडकपणे अमलात आली नव्हती. १९७०-७१ साली सुमारे साडेएकोणीस लाख असलेली संख्या १९८०-८१ साली साडेसत्तावीस लाखांच्या घरात गेली. म्हणजे त्या दशकात वार्षिक वाढ सरासरी साडेतीन टक्क्यांच्या आसपास होती. आधीच्या काळातील दहा टक्क्यांचा वेग आपोआप ओसरला. मागील वेग सरळ रेषेत पुढे नेणारे गणित सर्वाधिक चुकते ते यामुळेच: लहान संख्या झपाट्याने वाढतात, मोठ्या संख्या तो वेग टिकवू शकत नाहीत. शिवाय आकडा जुळला म्हणून त्यामागची कारणे जुळली असे सिद्ध होत नाही.

मालिका खंडित होण्याचा धोकाही विसरता येत नाही. महाराष्ट्रात दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला, तेव्हा १९७५ साली जुन्या अकरावीची व नव्या दहावीची अशा दोन तुकड्या शालान्त परीक्षेला बसल्या. त्या वर्षाचा आकडा आधीच्या वर्षांशी थेट जोडून रेषा काढल्यास ती रेषा फसवी ठरते. अलीकडचे उदाहरण म्हणजे, २०२४-२५ पासून ठरावीक प्रवर्गांतील व आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. अशा निर्णयानंतर मागील वर्षांचे प्रमाण जसेच्या तसे पुढे नेणे योग्य नव्हे. निर्णयापूर्वीची व नंतरची वर्षे वेगळी मांडली पाहिजेत.

एका विद्यार्थ्याचा अंदाज

आता दुसरा प्रश्न. उपस्थिती, मागील गुण, शाळा बदलल्याची संख्या, घरापासूनचे अंतर, पालकांचे स्थलांतर अशा बाबींवरून विद्यार्थी शिक्षण सोडण्याची संभाव्यता काढता येते. यासाठी ‘समाश्रयण’ या पद्धतीचा उपयोग करतात. मागील काही वर्षांच्या विद्यार्थ्यांची माहिती घेऊन कोणत्या बाबीचा परिणामाशी किती संबंध होता ते मोजावयाचे व तोच भार नव्या विद्यार्थ्यांना लावावयाचा, हे तिचे सार होय. सोडणार किंवा टिकणार अशी दोनच उत्तरे असल्यास तिच्या लॉजिस्टिक या प्रकाराचा अवलंब करतात. त्यातून शून्य व एक यांच्या दरम्यानची संभाव्यता मिळते. अलीकडे संगणकाच्या साह्याने याहून गुंतागुंतीच्या रीतीही वापरतात. पण मूळ तत्त्व तेच आहे.

अशा पद्धतीची अचूकता किती, हे एका उदाहरणावरून पाहू. एका महाविद्यालयात १,००० विद्यार्थी आहेत आणि त्यांपैकी ५० जण खरोखर शिक्षण सोडणार आहेत असे समजा. पद्धतीने त्या ५० पैकी ४० अचूक ओळखले. उरलेल्या ९५० पैकी शेकडा दहा, म्हणजे ९५ जणांवर मात्र चुकीची खूण केली. एकूण खूण झालेले १३५. त्यांत खरे धोक्यात असलेले ४०. म्हणजे खूण केलेल्या दर दहांपैकी सात जणांबाबत पद्धत चुकली आणि दहा जण नजरेतून सुटले. तरीही एकूण ८९५ विद्यार्थ्यांबाबत उत्तर बरोबर आले, म्हणून ‘जवळजवळ नव्वद टक्के अचूक’ असे पत्रक काढता येते! कोणीही शिक्षण सोडणार नाही असे डोळे मिटून सांगितले असते, तर ते पंचाण्णव टक्के अचूक ठरले असते. म्हणून अचूकतेचा एकच आकडा पुढे केला जातो, तेव्हा दोन प्रश्न विचारावेत: खऱ्या गरजूंपैकी किती सापडले? आणि सापडलेल्यांपैकी खरे गरजू किती?

तीन ठिकाणचे धडे

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २०१२ पासून शाळांसाठी अशी पूर्वसूचना व्यवस्था चालविली. पुढे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चिकित्सेत असे आढळले की, विद्यार्थी वेळेवर पदविका मिळविणार नाही असे व्यवस्थेने सांगितले, त्यांपैकी जवळजवळ तीन-चतुर्थांश प्रसंगी ते चुकीचे ठरले; आणि ही चूक कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक विद्यार्थ्यांबाबत अधिक होत होती. त्याच वर्षीच्या एका संशोधनाने आणखी महत्त्वाचा मुद्दा मांडला. धोक्याच्या क्रमाने विद्यार्थी लावण्याचे काम व्यवस्था बऱ्यापैकी करीत होती, परंतु तिच्यामुळे उत्तीर्णांचे प्रमाण वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. आणि कोणती मुले मागे पडतात हे त्यांच्या शाळेच्या व परिसराच्या स्थितीवरूनच जवळजवळ तितक्याच अचूकतेने सांगता येत होते. दोष मुलात शोधला जात होता. कारण शाळेत आणि वस्तीत होते.

जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचा अनुभव वेगळा आहे. तेथे सहा वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण २००३ साली ३२ टक्के होते, ते २०१४ पर्यंत ५४ टक्के झाले. २०१२ पासून तेथे आठशेहून अधिक प्रकारच्या धोक्याच्या खुणा संगणकाद्वारे पाहिल्या जाऊ लागल्या. मात्र तेवढ्यावर काम थांबले नाही. विद्यार्थ्यांना भेटून मार्ग दाखविणारे अधिक सल्लागार नेमण्यात आले आणि थोड्या शुल्कासाठी नाव कमी होऊ नये म्हणून लहान अनुदाने दिली गेली. सूचना आणि साहाय्य यांची जोडी तेथे जमली होती.

तिसरा धडा इंग्लंडचा. साथीमुळे २०२० साली ‘ए लेव्हल’ परीक्षा झाल्या नाहीत. तेव्हा प्रत्येक शाळेचे मागील तीन वर्षांचे निकाल आणि शिक्षकांनी लावलेला विद्यार्थ्यांचा क्रम यांवरून श्रेणी ठरविण्यात आल्या. १३ ऑगस्टला निकाल लागला. शिक्षकांनी सुचविलेल्या श्रेणींपैकी सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आणल्या गेल्या होत्या. ज्या शाळेचे पूर्वीचे निकाल सामान्य, तेथील हुशार विद्यार्थ्याला आपल्या शाळेचा इतिहास भोवला. तीव्र असंतोषानंतर १७ ऑगस्टला ती पद्धत मागे घ्यावी लागली. समूहाची सरासरी सांभाळणारे गणित व्यक्तीच्या निकालासाठी वापरले, ही त्यातील मूळ चूक होती.

गावपातळीवर काय करता येईल

महाराष्ट्रात २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत विद्यार्थ्यांची नोंद होऊ लागली, आणि देशपातळीवरील ‘यू-डायस प्लस’ व्यवस्थेत २०२२-२३ पासून विद्यार्थिनिहाय माहिती भरली जाऊ लागली. ही माहिती वरच्या कार्यालयात पाठविण्यापुरती न ठेवता गावातच वापरली, तर तिचे मोल वाढेल. त्यासाठी मोठा संगणक लागत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरवरून गेल्या पाच वर्षांच्या तुकड्यांचे एक कोष्टक मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती मिळून करू शकतात. मुले व मुली यांचे रकाने वेगळे असावेत. कारण एकत्रित प्रमाणात मुलींची गळती पुष्कळदा दडून जाते.

ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडणाऱ्या कुटुंबांतील मुले हे याचे ठळक उदाहरण. अशा गावांत पट जूनमध्ये भरलेला असतो. उपस्थितीची खरी परीक्षा नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत होते. वार्षिक सरासरीत ती घट निम्मी दिसते. महिनावार नोंदीत पूर्ण दिसते. या मुलांचा धोका ओळखण्यासाठी समाश्रयणाची गरज नाही. ग्रामपंचायतीकडे स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी असली, हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेवर गेला आणि मूल आजीआजोबांकडे गावातच राहू शकले, तर ते त्या वर्षी शाळेत टिकते. अंदाजाचे सार्थक येथे होते.

नावांच्या यादीबाबत मात्र काटेकोरपणा पाळावा. ‘शाळा सोडण्याची शक्यता’ असा शिक्का बसलेल्या मुलाची यादी फलकावर लागू नये, वर्गात वाचली जाऊ नये, आणि प्रवेश नाकारण्यासाठी तर कधीच वापरली जाऊ नये. खूण साहाय्यासाठी असेल, तर चुकून खूण झालेल्या मुलालाही एखादी घरभेट व थोडी अधिक शिकवणी मिळते. त्यात त्याचे नुकसान नाही. खूण वगळण्यासाठी असेल, तर हीच चूक त्याचे आयुष्य बदलून टाकते. पद्धत एकच, गणित एकच. फरक हेतूचा आहे.

समारोप

अंदाज हे भविष्य नव्हे. सध्याची परिस्थिती अशीच राहिली तर काय होईल, एवढेच तो सांगतो. आणि परिस्थिती तशी राहू न देणे हे शासन, शिक्षक व पंचायत यांचे काम आहे. शंभरापैकी बेचाळीस विद्यार्थी पदवीपर्यंत पोचतील असे कोष्टक सांगते, तेव्हा उरलेले अठ्ठावन्न कोणत्या पायरीवर व कोणत्या कारणाने थांबले, हा प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे. त्या प्रश्नामुळे एस.टी.ची एक फेरी सुरू झाली, वसतिगृहात वीस जागा वाढल्या आणि पाच वर्षांनी आजचा अंदाज चुकीचा ठरला, तर त्या चुकीचे स्वागत सर्वांनीच करावे.